चेंबर पत्र्याचं की ओतीव?

व्हायवाला हमखास येणारा एक प्रश्न आणि त्याचं ठरलेलं उत्तर बघा. प्रश्न : गाडीच्या इंजिनाचं ऑइल पॅन शीट मेटलचं चांगलं की कास्ट ॲल्युमिनियमचं? उत्तर : कास्ट ॲल्युमिनियमचं, सर. का? तर ते मजबूत असतं, हलकं असतं आणि तेल लवकर थंड करतं. तीन कारणं, तीन मार्क, पुढचा रोल नंबर.

हेच उत्तर घेऊन हायवेच्या कडेला असलेल्या एखाद्या गॅरेजमध्ये जा. तिथे ऑइल पॅनला ऑइल पॅन कुणी म्हणत नाही, त्याला म्हणतात चेंबर. आणि तिथला अनुभवी मिस्त्री म्हणेल की पत्र्याचं चेंबर म्हणजे देवमाणूस, मार खातो पण तेल सोडत नाही, आणि ते ओतीव काम म्हणजे काचेचं भांडं.

माझं मत असं, की ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. चेंबर कशाचं असावं हे ठरवण्याआधी त्याला काम काय दिलंय हे विचारायला हवं. आणि ते विचारलं, तर आपल्याकडच्या रस्त्यांसाठी मला एक ठाम उत्तर दिसतं. ते शेवटी सांगतो, आधी हिशेब करू.

तीन मार्कांचं उत्तर तपासून पाहू

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाला बोल्टने जोडलेलं तेलाचं भांडं. छोट्या गाडीत साधारण तीन ते चार लिटर तेल त्यात राहतं. पंप तिथून चाळणीतून तेल ओढतो, बेअरिंगांना पाजतो, तेल परत ठिबकत खाली येतं.

पत्र्याचं चेंबर डीप ड्रॉइंगने बनतं. आयएस ५१३ मधला ईडीडी म्हणजे एक्स्ट्रा डीप ड्रॉइंग ग्रेडचा पत्रा घ्यायचा, ब्लँक होल्डरखाली धरायचा आणि पंचने खाली खेचायचा. चेंबर एका बाजूला उथळ आणि दुसऱ्या बाजूला खोल असतं, त्यामुळे एका ठोक्यात काम होत नाही. कोपऱ्यात पत्रा पातळ पडतो, कडेला सुरकुत्या येऊ पाहतात. मग ट्रिमिंग, भोकं पाडणं, आतला बॅफल वेल्ड करणं आणि रंग. ओतीव चेंबर बहुधा प्रेशर डाय कास्टिंगने बनतं. वितळलेलं ॲल्युमिनियम प्रचंड दाबाने डायमध्ये घुसवतात, मग फ्लँज मशीन करतात, आटे पाडतात आणि हवेच्या दाबाने लीक टेस्ट घेतात.

आता पहिलं कारण, हलकेपणा. धरून चाला की पत्रा १.२ मिलिमीटर जाडीचा आहे आणि ओतीव भिंत ३.५ मिलिमीटर. या अगदी नेहमीच्या जाड्या आहेत. स्टीलची घनता ७८५०, ॲल्युमिनियमची २७०० किलो प्रति घनमीटर. एक चौरस मीटर भिंतीचं वजन काढा. पत्रा ९.४२ किलो, ओतीव ९.४५ किलो. म्हणजे बरोबरी! ॲल्युमिनियम हलकं असतं हे खरं, पण ते पत्र्याइतकं पातळ ओतता येत नाही. हलका धातू आणि हलका पार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं कारण, थंडावा. ॲल्युमिनियमची उष्णतावहन क्षमता स्टीलच्या दुपटीहून जास्त, हे बरोबर. पण हीट ट्रान्स्फरच्या पेपरात आपण रेझिस्टन्स मांडतो, तसे इथे मांडा. पत्र्याच्या भिंतीचा रेझिस्टन्स, म्हणजे जाडी भागिले कंडक्टिव्हिटी, ०.००००२४ येतो. ओतीव भिंतीचा, मिश्रधातूची कंडक्टिव्हिटी १०० धरली, तर ०.००००३५. जाडीमुळे ॲल्युमिनियमचाच जास्त आला! आणि बाहेरच्या हवेचा? हवेचा कोएफिशंट ५० धरला तर ०.०२. हा भिंतीच्या शेकडो पट आहे. दार हवेने अडवलेलं आहे, भिंत कशाचीही असली तरी फारसा फरक पडत नाही. ओतीव चेंबरला फिन काढता येतात आणि त्यामुळे क्षेत्रफळ वाढतं, हा त्याचा खरा फायदा. पण ते श्रेय फिनचं, धातूचं नव्हे.

तिसरं कारण, मजबुती. इथे आपण स्ट्रेंग्थ आणि स्टिफनेस यांची नेहमीची गल्लत करतो. सपाट भिंतीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. स्टीलचा ई २१०, ॲल्युमिनियमचा ७० गिगापास्कल. पत्रा : २१० गुणिले १.२ चा घन, म्हणजे साधारण ३६३. ओतीव : ७० गुणिले ३.५ चा घन, म्हणजे साधारण ३०००. वजन तेवढंच आणि ताठपणा आठपट! शिवाय ओतताना रिब्स जवळजवळ फुकटात मिळतात. हा ओतीव चेंबरचा हुकमी एक्का आहे.

पण ताठ म्हणजे चिवट नव्हे. ईडीडी पत्रा तुटण्याआधी पस्तीस टक्क्यांच्या आसपास ताणला जातो, नाहीतर तो ड्रॉच झाला नसता. डाय कास्टिंगला सर्रास वापरला जाणारा एडीसी १२ हा मिश्रधातू दोन-तीन टक्क्यांतच हात टेकतो. धातू डायला चिकटू नये म्हणून त्यात थोडं लोह राहू देतात, त्याच्या सुईसारख्या कणांमुळे ठिसूळपणा येतो. त्यात दाबाने ओतताना अडकलेली हवा. म्हणून दगड लागला की पत्र्याला पोचा पडतो आणि ओतीव चेंबरला तडा जातो. मिस्त्रीचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे.

काम बदललं की धातू बदलतो

मग इतका ताठपणा हवाय कुणाला? नुसतं तेल धरायचं असेल तर कुणालाच नको. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण इंग्लंडमध्ये सापडतं. ॲलेक इसिगोनिस या एकाच डिझायनरच्या दोन गाड्या घ्या, मॉरिस मायनर आणि मिनी. मायनरला १९५२ पासून ए-सीरीजचं इंजिन बसू लागलं आणि १९५९ मध्ये आलेल्या मिनीलाही त्याच कुटुंबातलं इंजिन होतं. मायनरमध्ये इंजिन उभं, गिअरबॉक्स त्याच्या मागे, खाली पत्र्याचं साधं चेंबर. मिनीमध्ये मात्र जागा वाचवण्यासाठी इंजिन आडवं ठेवलं आणि गिअरबॉक्स चक्क इंजिनाच्या खाली, चेंबरच्या जागीच बसवला. गिअर आणि इंजिन एकाच तेलावर चालायचे. आता त्या भांड्याला शाफ्टची बेअरिंगं पेलायची होती, गिअरचे धक्के सोसायचे होते, सेंटर जागच्या जागी ठेवायचे होते. तिथे पत्रा कसा चालेल? ते ॲल्युमिनियमचं ओतीव झालं. इंजिनाचं घराणं तेच, डिझायनर तोच, फक्त काम बदललं.

अमेरिकेत शेव्हरोलेचं १९५५ चं प्रसिद्ध स्मॉल ब्लॉक व्ही-८ बघा. त्याचं चेंबर पत्र्याचं होतं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस १ या नव्या पिढीच्या इंजिनाला ओतीव ॲल्युमिनियमचं चेंबर मिळालं आणि ते मागच्या हाउसिंगलाही बोल्टने जोडलेलं होतं. म्हणजे ते भांडं राहिलंच नाही, इंजिनाच्या सांगाड्याचा एक अवयव झालं. म्हणूनच ते बसवताना चेंबरची मागची कड ब्लॉकच्या मागच्या कडेशी एका पातळीत आहे का, हे पट्टी लावून तपासावं लागतं. पत्र्याच्या चेंबरला असले लाड नसतात.

यामागचं कारण डायनॅमिक्स ऑफ मशिनरीवाल्यांना लगेच समजेल. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एक लांब तुळई होते आणि ती जोडाशी वाकून थरथरते. चेंबर ताठ असेल आणि गिअरबॉक्सलाही जोडलेलं असेल, तर त्या जोडाची खोली वाढते, नॅचरल फ्रिक्वेन्सी वर सरकते आणि गाडीतली गुरगुर कमी होते. उलट पत्र्याची मोठी सपाट बाजू डफासारखी वाजते. त्यावर उपाय म्हणून दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये चिकट पॉलिमरचा थर घातलेलं सँडविच स्टील वापरतात. तेही डीप ड्रॉ होतं, पण नखरे करत.

आणि पत्र्याने भार पेलायचाच नाही असा काही नियम आहे का? फोर्डच्या मॉडेल टी-मध्ये १९०८ पासून इंजिन, फ्लायव्हील आणि ट्रान्समिशन या सगळ्यांच्या खाली एकच लांबलचक पत्र्याचं पॅन होतं, आणि त्याला जोडलेल्या हातांवर इंजिन फ्रेमवर टेकलेलं असायचं. असलं प्रेसकाम करणारी बफेलोची जॉन आर. काइम मिल्स ही कंपनी फोर्डने १९११ मध्ये विकतच घेतली. चाललं ना ते? चाललं, दीड कोटी गाड्या निघाल्या. पण खडबडीत रस्त्यांवर ही पॅन पिळवटून जायची आणि ती सरळ करायला गॅरेजमध्ये खास जिग ठेवावे लागायचे. आजही जुन्या मॉडेल टी दुरुस्त करणारे आधी पॅन जिगवर चढवतात. पत्र्यावर त्याच्या कुवतीबाहेरचं काम टाकलं की असं होतं. पण गंमत बघा, तो वाकला म्हणून तो सरळही करता आला.

आणखी एक टोक आपल्या शेतात दिसतं. बऱ्याच ट्रॅक्टरांना वेगळी चासीच नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जोडून तोच कणा होतो. तिथे चेंबर सरळ बिडाचं असतं, जाडजूड, आणि वजन जास्त झालं म्हणून कुणी रडत नाही. उलट नांगरताना ते वजन उपयोगाला येतं.

आता आपल्या रस्त्यावर या

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमावलीत, म्हणजे आयआरसी ९९ मध्ये, स्पीड ब्रेकर कसा असावा हे लिहिलंय. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. तुमच्या गावच्या फाट्यावरचा ब्रेकर या मापात बसतो का ते टेप घेऊन बघा. बहुतेक ठिकाणी ग्रामस्थांनी रातोरात उभारलेला तो एक छोटा किल्लाच असतो. आपल्या छोट्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५-१७० मिलिमीटर, तोही गाडी रिकामी असताना. पाच जण, डिकीत आंब्याच्या पेट्या, आणि घाटात खड्डा चुकवताना चाकाखालून उसळलेला दगड. गणित तुम्हीच करा.

ओतीव चेंबरला तडा गेला तर तेल काही मिनिटांत रस्त्यावर सांडतं. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागतो. त्याच क्षणी इंजिन बंद केलं तर नुकसान चेंबरपुरतंच. पण आपल्याकडे गाडीवाला म्हणतो, "पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ." तोवर बेअरिंग शेल क्रँकला चिकटलेले असतात. मग इंजिनाचं काम निघतं. वर विम्याची साधी पॉलिसी अशा वेळी बहुधा हात वर करते. चेंबर फुटलं तो अपघात, पण त्यानंतर तेलाशिवाय गाडी चालवून इंजिन जॅम झालं ते परिणामी नुकसान, ते पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. एका दगडाची किंमत किती होऊ शकते ते बघा.

पत्र्याच्या चेंबरला पोचा पडतो, तेल आतच राहतं, गाडी घरी येते. पण मिस्त्री लोकांनी पत्र्याचं फार कौतुक करू नये, कारण त्याचाही एक डंख आहे. चाळणी आणि चेंबरचा तळ यांच्यात काही मिलिमीटरचीच फट असते. पोचा नेमका तिथे पडला तर तळ वर येऊन चाळणीचं तोंडच दाबतो. बाहेर थेंब गळत नाही, डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसते आणि आत पंप मात्र उपाशी. ओतीव चेंबर ओरडून मरतं, पत्र्याचं कधी कधी गुपचूप मारतं. म्हणून खालून मोठा ठोका बसला आणि नुसता पोचा दिसला, तरी चेंबर उतरवून बघायलाच हवं.

दुरुस्तीचं म्हणाल तर पत्रा इथे सरळ पुढे आहे. पोचा ठोकून काढता येतो, गॅस वेल्डिंग गल्लीत मिळतं, नवीन चेंबरही स्वस्तात येतं. फ्लँज बोल्ट आवळून आवळून वाकली असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून सपाट करतात, नवीन पॅकिंग टाकतात, झालं. किनारपट्टीवर पत्र्याला गंज लागतो, ही त्याची खरी उणी बाजू. ओतीव चेंबरची फ्लँज मशीन केलेली असल्यामुळे ते पहिल्या दिवसापासून छान सील होतं. पण तडा गेला की आर्गन वेल्डिंगवाला शोधा, आणि वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या कास्टिंगमध्ये वेल्ड मारताना बुडबुडे येतात, टाका टिकेल याची खात्री नाही. मग काही जण एम-सील लावून देवाचं नाव घेतात. शिवाय ड्रेन प्लग. ॲल्युमिनियमच्या आट्यात स्टीलचा प्लग जोर लावून आवळला की दोन-चार ऑइल चेंजमध्ये आटे गेलेच. आपल्याकडे टॉर्क रेंच वापरणारी गॅरेजेस किती?

माझं मत

म्हणून मला वाटतं, आपल्याकडच्या गाड्यांना दोन तुकड्यांचं चेंबर योग्य. वरचा भाग ओतीव ॲल्युमिनियमचा, ब्लॉक आणि गिअरबॉक्स दोघांना पकडून ठेवणारा. खालचा, दगडाला सामोरा जाणारा भाग पत्र्याचा. ही माझी काही नवी कल्पना नाही. टोयोटाच्या १एमझेड व्ही-६ इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये 'ऑइल पॅन नंबर १' आणि 'नंबर २' अशी दोन नावं असतात. पहिलं ॲल्युमिनियमचं, दुसरं पत्र्याचं. ज्याला ताठ राहायचंय तो ताठ, ज्याला मार खायचाय तो चिवट.

यावर आक्षेप येतील. एक, जोड वाढला म्हणजे गळतीची जागा वाढली. खरंय, पण तो जोड मशीन केलेल्या ताठ फ्लँजवर असतो, सिलिकॉन सीलंट तिथे नीट धरतो. दोन, खर्च. इथे थोडं थांबू या. प्रेसमधून पत्रा काही सेकंदांत बाहेर पडतो. डाय कास्टिंगला प्रत्येक नगामागे मिनिटभर किंवा जास्त लागतं, वर मशिनिंग आणि लीक टेस्ट. पण ओतीव पार्टमध्ये कंप्रेसरचा ब्रॅकेट, फिल्टरची बैठक, तेलाच्या वाटा असं बरंच काही एकातच येतं, त्यामुळे कंपनीला अख्खं चेंबर एकाच तुकड्यात ओतणं परवडतं. दोन तुकडे केले की कॉस्ट शीटवर एक ओळ वाढते. मान्य. पण त्या कॉस्ट शीटवर घाटात बंद पडलेल्या गाडीची, टोइंगची, इंजिनाच्या कामाची ओळ कधीच नसते. ती ओळ गाडीवाल्याच्या खिशात असते.

तीन, इंजिन गार्ड लावा की! लावा जरूर. चांगला, अंतर सोडून बसवलेला गार्ड खूप वाचवतो. पण बाहेरून बसवलेला पातळ गार्ड चेंबरला टेकलेला असेल तर तो ठोका जसाच्या तसा आत पोचवतो, आणि ऑइल चेंजच्या वेळी काढलेला गार्ड परत बसलाच नाही, असंही होतं. डिझाइनमधली उणीव ग्राहकाने बाजारातून पत्रा आणून भरून काढायची, ही पद्धत मला पटत नाही.

कुणी म्हणेल, आता इलेक्ट्रिक गाड्यांचे दिवस आले, इंजिन ऑइलच नाही तर चेंबर कुठलं! बरोबर, पण प्रश्न काही गेला नाही, उलट मोठा झाला. गाडीच्या पोटाखाली आता बॅटरीची पेटी आहे आणि दगड तेच आहेत. आणि टेस्लाने २०२० पासून मॉडेल वाय-च्या मागच्या अंडरबॉडीसाठी सुमारे ७० तुकड्यांऐवजी अवाढव्य कास्टिंग वापरायला सुरुवात केली. सांधे कमी, रोबो कमी, ताठपणा भरपूर. पण मागून धडक बसली तर वाकलेला पत्रा कापून नवीन जोडायचा की अख्खं कास्टिंग बदलायचं? चेंबरवरून मिस्त्री विचारतो तोच प्रश्न, फक्त आता तो गाडीच्या निम्म्या सांगाड्याचा झालाय.

आपल्यातले बरेच जण उद्या कोल्हापूरच्या फाउंड्रीत, भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये नाहीतर एखाद्या डिझाइन ऑफिसात कॅटिया उघडून बसणार आहेत. तिथे कधीतरी एखादा तळाचा पार्ट तुमच्या स्क्रीनवर येईल. मटेरियलच्या चौकटीत ॲल्युमिनियम लिहायला दोन सेकंद लागतात. त्याआधी पाच मिनिटं दोन गोष्टींचा विचार करा. या पार्टला नक्की काय पेलायचंय? आणि तो फुटला तर दुरुस्त कोण करणार, कुठे, आणि कुणाच्या पैशाने? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळेल. दुसऱ्यासाठी एकदा गाडीखाली आडवं व्हावं लागेल. कपडे खराब होतील, पण हरकत नाही.